बाकावरचे गृहस्थ

नागरिकशास्त्राच्या बाईंचं स्वतःचं एक गाव होतं, आणि ते शाळेच्या संगणकांच्या पडद्यावर वसलेलं होतं. नदी, पूल, दवाखाना, एक गळकी पाण्याची टाकी आणि चारशे बारा रहिवासी. आठवीची मुलं दरवर्षी त्या गावात निवडणूक लढवायची, नगरसभेत बसून ठराव करायची, आणि बटण दाबलं की ठराव गावात अमलात यायचा. धडा वाचताना जांभया देणारी हीच पोरं तिथे नळाच्या वेळेवरून हमरीतुमरीवर यायची. बाईंना त्याचं कोण कौतुक!

नदीकाठी मात्र कुठल्याच धड्यात न बसणारा एक बाक होता. त्यावर करड्या स्वेटरातले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत असायचे. ते बाईंचे यजमान. चार वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा बाईंनी त्यांना तिथे आणून बसवलं. शाळा सुटली की बाई रिकाम्या संगणकखोलीत बसून राहायच्या. खिडकीतून तिरपं ऊन यायचं, पंखा संथ फिरायचा, पडद्यावर नदी वाहत असायची, आणि हे पान उलटायचे. ते आपणच उलटायला लावलंय हे बाईंना ठाऊक होतं. तरी दर वेळी वाटायचं, आता हे मान वर करतील आणि विचारतील, "चहा होतोय का?" असा किती वेळ जायचा, ते त्यांचं त्यांना कळायचं नाही.

यंदाच्या नगरसभेने नदीकाठून रस्ता काढायचं ठरवलं. दवाखान्यात जायला पुलावरून लांबचा वळसा पडत होता, त्यामुळे मुद्दा बिनतोड होता. रस्ता नेमका बाकावरून जात होता. शाळा सुटल्यावर बाईंनी गुपचूप तो पुसला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काहीतरी बिघाड झाला असेल." मुलांनी पुन्हा ठराव केला. बाईंनी पुन्हा पुसला. सत्तेचा गैरवापर म्हणजे काय हे वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाईंनी तो आता स्वतः करून दाखवला, फक्त वर्गाला सांगितलं नाही, एवढंच.

नगराध्यक्ष होती खिडकीजवळ बसणारी एक चष्मेवाली मुलगी. वर्ग तिला 'वकील' म्हणायचा, आणि ते काही उगीच नव्हतं.

"बाई, रस्ता दोनदा गायब झाला," ती भर सभेत उठून म्हणाली. "दोन्ही वेळा शाळा सुटल्यावर. तेव्हा इथे कोण असतं?"

 बाईंनी समोरचं हजेरीपुस्तक मिटलं.

"मी असते. मीच पुसला."

"का?"

कारण सांगितलं असतं, तर सगळ्यांनी एका सुरात रस्ता वळवला असता. आठवीची मुलं वरून कितीही दांडगट दिसली तरी आतून फार हळवी असतात, हे बाईंना पक्कं माहीत होतं. पण मग ते मत कसलं, ती दया झाली असती. आपल्या वर्गाकडून त्यांना ती नको होती.

"मला तो रस्ता नको होता, म्हणून. चुकलं माझं."

मुलांनी बाईंचा पासवर्ड काढून घ्यायचा ठराव मांडला. एकवीस विरुद्ध नऊ. बाईंनी पासवर्ड कागदावर लिहून मुकाट्याने वकिलाच्या हातात दिला. मग रस्त्याचा ठराव पुन्हा मांडला गेला आणि एकमताने मंजूर झाला. बाईंना अभिमानही वाटला आणि रडूही आलं. खोकल्याचं निमित्त करून त्यांनी तोंड फिरवलं.

बटण दाबता दाबता वकील थांबली. मागच्या दोन्ही वेळी कोणी न पाहिलेली नियमांची यादी तिने या वेळी उघडली होती.

"बाई, एक अडचण आहे. अकरावा नियम, तुम्हीच केलाय. रस्त्यासाठी कोणाला हलवायचं असेल, तर तुम्हाला कुठे जायचंय, हे आधी त्या माणसाला विचारायचं. बाकावर एक काका आहेत. मी तीनदा क्लिक केलं, पण ते बोलतच नाहीत, नुसतं पान उलटतात." तिने चष्मा वर सरकवला. "त्यांच्या घरचं कोणी आहे का?"

बाई टेबलाला धरून उठल्या.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "मला विचार. मी त्यांची बायको."