पद्माच्या कप्तानाचा बाप

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सिद्धेश्वराच्या पायरीवर डोकं टेकताना बाकीची सगळी पापं आठवून आठवून सांगितली — हे तेवढं गाळलं. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा. सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात मी तपासणीला होते. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पसरायची, हात फिरवायचा, सुटलेला धागा, गाठ, नक्षीतली चूक हुडकायची. चूक सापडली की मला बरं वाटायचं — लई बरं वाटायचं. आणि ही खोड घरीही यायची. दूधवाल्याचं माप, नवऱ्याच्या उशिराचं कारण, शेजारणीचं आजारपण — सगळ्यावर माझा हात फिरायचा. सासू म्हणायची, हिला देव भेटला तर आधी त्याचं रेशनकार्ड मागंल.

पद्मा आमच्याकडं कांड्या भरायची. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी धोटा असतो, त्यात घालायच्या सुताच्या कांड्या. तेलुगू विणकरांच्या घरची पोरगी, सव्वीस-सत्तावीसची. नवरा भिवंडीला गेला तो गेलाच, पत्र नाही की निरोप नाही. आई पुण्याला, बहिणीकडं अंथरुणाला खिळलेली. म्हणून पद्मा महिन्याकाठी दोन दिवस पुण्याला जायची. आणि बहिणीच्या घरमालकाकडं टीव्ही होता!

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल तेव्हा. सोलापुरात टीव्ही बघितलाय कुणी? आम्हाला तो पद्माच्या तोंडूनच दिसायचा. परदेशातली मालिका, इंग्रजीतली. घरमालकाची कॉलेजातली मुलगी मराठीत सांगायची म्हणे. आकाशात फिरणारं एक जहाज, त्यातली माणसं, त्यांचा कप्तान. डब्याच्या सुट्टीत पद्मा सुरू झाली की बायकांच्या हातातली भाकरी हातातच राहायची. आणि मी? वरवर नाक मुरडायचे, पण सगळ्यांत पुढं बसलेली मीच असायचे.

त्या कप्तानाचा बाप शेतकरी होता. कप्तान पाच वर्षांचा असताना घराला आग लागली, त्यात बाप गेला. पद्मानं ते असं सांगितलं की मी पदरानं डोळे पुसले. माझा स्वतःचा बाप गेला तेव्हाही मी चारचौघांत रडले नव्हते.

दोन महिन्यांनी पद्मा सांगायला लागली — कप्तानाचा बाप आला भेटायला. मोठा अधिकारी हाय, पांढरी दाढी हाय.

मी म्हटलं, अगं, तो जळून मेला होता ना?

“तसंच दाखवलं की अक्का. मी काय करू?”

मला राग आला. हसाल तुम्ही — पण ज्या बापासाठी मी रडले तो दाढी कुरवाळत परत येतो म्हणजे काय? माझं रडणं काय फुकटचं होतं? संशयाचा किडा वळवळला तो तिथं. हिला इंग्रजी कुठं येतं? घरमालक हिला आत तरी घेतात का? मग मी तपासणीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर टिपून ठेवायला लागले. बाप मेला. बाप जिवंत. एकुलता एक म्हणाली. पुढच्या खेपेला बहीण निघाली, तीही थोरली!

आणि एक दिवस, सगळ्या बायका जमलेल्या असताना, मी त्या चिठ्ठ्या काढून वाचल्या. एकेक करून, सावकाश, मोठ्यानं. बायका पोट धरून हसल्या. पद्मा आधी हसली, मग थांबली.

तिथून तिचं नाव पडलं — थापाडी पद्मी. आज ऊन लई हाय म्हणाली तरी कुणीतरी विचारायचं, “टीव्हीत बघितलंस व्हय?” गोष्ट सांगणं तिनं बंदच केलं. मला काय वाटलं? चूक पकडल्यावर वाटतं तेच.

मग भाचीच्या मुलाच्या बारशाला मी पुण्याला गेले. त्यांच्या शेजारी टीव्ही. मी मुद्दाम जाऊन बसले — खोटं कशाला बोलू, पद्मा पुरती उघडी पाडायची होती मला. लागली तीच मालिका. तेच जहाज, तोच कप्तान. एवढ्यात घरातल्या कॉलेजकुमारानं कपाळावर हात मारला. कप्तान म्हणे आता सांगतोय की तो अनाथाश्रमात वाढला! “अरे, हे लिहिणारे स्वतःचंच मागचं वाचत नाहीत काय? आधी बाप जळून मेला, मग जिवंत आला, मधेच बहीण काढली, आता अनाथ!” पोरगा तावातावानं एकेक मोजत होता. माझ्या चिठ्ठ्याच वाचल्यासारखं बोलत होता तो.

पद्मानं एक अक्षर पदरचं घातलं नव्हतं.

परत आल्यावर बायकांना सांगायचं ठरवलं होतं. सोमवारी सांगू म्हटलं. मग गुरुवारी. मग वाटलं, आता कशाला, बायका विसरल्या असतील. विसरल्या नव्हत्या. मला ते रोज ऐकू येत होतं.

त्यानंतर महिनाभरात सात नंबरच्या मागावरून धोटा उडाला आणि पद्माच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलं. माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणाला, हीच मधे आली. पद्मा म्हणाली, आठ दिवसांपूर्वी मी ह्यांना सांगितलं होतं, धोटा उडतोय, माग बंद ठेवा. तिचं खरं धरलं तर दोष जॉबरचा, औषधपाणी कारखान्याचं आणि तिची जागा राखलेली. नाही धरलं तर ती घरी.

मालकांनी मला बोलावलं. पद्मा तिथंच उभी होती, हात गळ्यात अडकवलेला. मालक म्हणाले, “शांताक्का, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. ही पोरगी खरं बोलते का?”

मी म्हणाले, “मालक, तिला गोष्ट रंगवून सांगायची सवय हाय.”

बस्. एवढंच. पद्माला काढलं. त्या हातानं तिला पुन्हा कांड्या भरता आल्या नाहीत, असं पुढं कानावर आलं.

अजून एक राहिलंय. तेच सांगायला बसले होते — इतकं लांबण लावलं ते त्याच्यासाठीच. पद्मानं जॉबरला धोट्याचं सांगितलं, ते माझ्या टेबलासमोर. मागांचा खडखडाट होता, तरी मी ऐकलं. मान वर करून बघितलंसुद्धा. जॉबर “बघतो” म्हणाला आणि तंबाखू मळत गेला.

मग का नाही बोलले? ही खरं बोलते म्हटलं असतं, तर उद्या बायकांनी विचारलं असतं — मग त्या चिठ्ठ्यांचं काय, अक्का? तेवढ्यासाठी. दुसरं काही नाही.

अक्का तिथंच होत्या, त्यांना विचारा — असं पद्मा मालकांना म्हणाली नाही. ती नुसती माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं असणार, मी आपणहून सांगेन.