उद्गारचिन्हांचं आवतण

जळकोटच्या राजशेखरची नोकरी घरात बसून करायची. शेतकऱ्यांना खत-बियाणं विकणाऱ्या एका अ‍ॅपसाठी तो मराठी मेसेज लिहितो. लिहितो म्हणजे काय, तर प्रत्येक ओळीमागं तीन उद्गारचिन्हं ठोकतो. ‘युरिया संपला!!!’ ‘तुमची तक्रार मिळाली!!!’ गारपिटीची सूचना असली तरी तोच थाट. वर ते सगळं गावाच्या ग्रुपवरही ढकलतो. उद्गारचिन्ह दिसलं की माणसाचं बोट आपोआप पडतं, हे ज्ञान पुण्याच्या साहेबांनी दिलं आणि यानं ते प्रसादासारखं डोळ्यांना लावलं. त्याच्या आईला, नागम्माला, या विद्येचा वीट आला होता. साधं सांगायला एवढं बोंबलायचं कशाला, हे तिला कळत नसे.

यंदा राजशेखरच्या वडिलांना, हणमंतप्पांना, जाऊन वर्ष झालं; वर्षाचं जेवण घालायचं होतं. अशा जेवणाचं आवतण द्यायला घरचा माणूस दारोदार जातो, उंबऱ्याबाहेर उभा राहतो, हळू आवाजात एकदाच सांगतो आणि पाणीही न पिता परततो. नागम्मानं पोराला तेच करायला सांगितलं. नवऱ्याच्या नावानं गावानं दोन घास खावेत, एवढंच तिला हवं होतं.

“अव्वा, कोण हिंडतंय आता? अख्खं गाव ग्रुपवर हाय,” म्हणत राजशेखर बसल्या जागी मोकळा झाला. ‘अप्पांचं वर्ष!!! उद्या दुपारी जेवायला या!!!’

दुसऱ्या दिवशी हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं, पातेलं निवत चाललं, तरी अंगणातल्या सतरंज्यांवर चिटपाखरू फिरकलं नाही. राजशेखरनं मोबाइल पुढं केला. “बघ की, किती जणांनी अंगठा दिलाय.”

“मग अंगठ्यांनाच वाढ,” नागम्मा म्हणाली.

डोक्यावर पदर घेऊन ती भर उन्हात बाहेर पडली. दारोदार उभी राहून एवढंच म्हणाली, “आमच्या मालकांचं वर्ष हाय. या.” घरी जेवून आडवे झालेलेही उठून आले.

पंगत बसली तसा राजशेखर वाढायला पुढं झाला. नागम्मानं त्याच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं.

“तू दारात उभा राहा. येईल त्याला हात जोड. तोंडातनं आवाज काढू नगंस.”

तो मुकाट्यानं जाऊन उभा राहिला. हणमंतप्पांचे जुने सोबती धोंडप्पा सगळ्यांच्या मागून आले. त्याच्या जोडलेल्या हातांकडं त्यांनी पाहिलंही नाही. ते सरळ नागम्मापाशी गेले.

“माफ करा, वहिनी,” ते म्हणाले. “आवतण पोराकडनं आलं, म्हणून खरं वाटलं न्हाय.”