मोजून दिलेली टाळी

सून गाता गाता थांबली. हातात माईक, तोंड उघडं, समोर भरलेला हॉल — आणि मी टाळ्या देतच राहिले. हे आजवर कोणाला सांगितलं नाही, पोटच्या पोरालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तर मध्ये बोलू नका.

ती जॅझ शिकत होती. इंग्रजी गाणं — शब्द जरा उशिरा टाकायचा, दुपारच्या झोपेतून उठलेली बाई बोलते तसा. मला ते आवडत नव्हतं. नाही, हे खोटं. आवडत होतं, त्याचाच राग होता. तिचा नवरा हिंगण्याला ड्यूटीवर गेला की ती मोबाइल लावून घोकायची : चार मोजायचे, टाळी दोनवर अन् चारवर, एकवर नाही. मी चौथी शिकलेली, पण चारपर्यंत मोजता येतं. मेथी निवडता निवडता तिच्याआधी मीच शिकले. एकदा माझी टाळी तिनं ऐकली.

"आई, तुमचं तर बरोबर येऊन राहिलं! या ना, संगं म्हणू."

"मले नाही मांजरीवानी रडाचं," मी म्हटलं. काहून म्हटलं? तिनं तर बोलावलंच होतं.

मग तिच्या गाण्याच्या क्लासचा कार्यक्रम आला. जी बरी गाईल तिला मॅडम आपल्या वादकांसोबत गायला घेणार होत्या. सुनेला दुसरं काही नको होतं. मी आमच्या भजनी मंडळाच्या बाया नेल्या, पुढच्या रांगेत बसवल्या. मंडळात ठेका माझ्या हाताचा. मी देईन तिथं त्या डोळे मिटून टाळी देतात. मी एकवर दिली. त्यांनीही दिली — भजनात तिथंच पडते, त्यांचा काय दोष? सून गडबडली, हसली, पुन्हा पहिल्यापासून धरलं. मी आणखी जोरात दिली. तिसऱ्यांदा तिनं धरलंच नाही.

शेजारची कुजबुजली, "तुह्या सुनेले ठेका नाही समजत वं."

मी मान हलवली. हो म्हणून.

ऑटोत सूनच मला समजावत होती — "जाऊ द्या आई, तुमच्या हाताले भजनाची सवय." तेव्हा तोंड उघडता आलं नसतं का? आलं असतं.

मॅडमनी दुसरीला घेतलं. हिनं क्लास सोडला. आता ती भांडी घासतानाही गुणगुणत नाही, आणि माझं भजन चालूच आहे.

त्या दिवशी मंचावर उभी होती ती वैशाली; ठेका तिला समजत होता. माझी सून.