अशुभाचं पत्र वेगळं

आमच्या ग्रामस्थ मंडळाचं वार्तापत्र ईमेलने जायचं, पण बैलगाडीच्या चालीने. बातम्या मी टाइप करायची आणि सेक्रेटरीकाकांची सही होईपर्यंत वाट बघत बसायची. बोटीवर नोकरीला असलेल्या एका पुतण्याला चुलता गेल्याचं त्या सहीपायी तेराव्यानंतर कळलं. माझं डोकंच फिरलं. पुस्तकं वाचून, चुकतमाकत, मी एक प्रोग्रॅम लिहिला. बातमीची फाइल फोल्डरमध्ये पडली की तो आपोआप जागा व्हायचा, दिवसभराच्या बातम्या जुळवायचा आणि संध्याकाळी सगळ्यांना पाठवून मोकळा व्हायचा.

दुसऱ्याच आठवड्यात माती खाल्ली. सकाळी एक साखरपुडा टाकला, दुपारी खालच्या वाडीतल्या आजोबांचं निधन. दोन्ही बातम्या मांडीला मांडी लावून गेल्या. आमच्याकडे मृत्यूच्या कार्डावर कोपऱ्यात ‘अशुभ’ लिहितात, आणि वाचलं की ते दारातच फाडतात, घरात ठेवत नाहीत. साखरपुड्याच्या घरचे कचेरीत येऊन थडकले. मी हात जोडून त्यांची माफी मागितली.

काका म्हणाले, “बंद कर गो ते! यंत्राला सुतक कळतं काय? रविवारच्या सभेत ठरावच करतो.”

“मी शिकवलं नव्हतं म्हणून कळलं नाही. आता शिकवते,” मी म्हटलं. “पण बंद करणार नाही. ठराव करा नाहीतर मला काढा.”

तीन दिवस खपून शिकवलं. फाइलच्या पहिल्या ओळीत ‘अशुभ’ दिसलं की संध्याकाळची वाट बघायची नाही, पत्र एकटंच आणि ताबडतोब पाठवायचं. पाठवल्यावर आपल्याकडची प्रत पुसून टाकायची, कार्ड फाडतात तशी.

शनिवारी सकाळी काका कचेरीत आले. पायात चपला नव्हत्या.

“आई गेली गो,” ते म्हणाले. “थोरला मुलगा बोटीवर. फोन लागत नाही, मेल तेवढी मिळते.”

मी पहिल्या ओळीत ‘अशुभ’ लिहिलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि फाइल फोल्डरमध्ये टाकली. काकांनी सवयीने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ते टेबलावर कागद शोधू लागले.

“सही कुठे करू?”

“सही लागत नाही, काका,” मी म्हटलं. “पत्र पोचलं असेल.”