कहरबाचं पाणी

अयूबभाई खांबावरून पडतील, ही धास्ती वेदिकाच्या मनातून काही केल्या जात नव्हती. भाजी चिरताना जात नव्हती, ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना जात नव्हती. एकसष्ट वर्षांचा माणूस, एका गुडघ्याला पट्टा, आणि तिकडे मंडणगडच्या डोंगरात कुणा कंत्राटदाराच्या हाताखाली विजेच्या खांबांवर चढतोय. हे तिला मासळी बाजारात त्यांच्या बायकोकडून, मरियमभाभींकडून कळलं होतं.

“अयूबभाई कसे आहेत?” तिनं विचारलं होतं.

“मंडणगडला आहेत. खांब चढतात. इथं गावात कोण बोलावतंय आता?” एवढं बोलून मरियमभाभी बांगड्यांच्या वाट्याकडे वळल्या आणि कोळणीशी भावावरून हुज्जत घालू लागल्या. त्या वेदिकाला एक शब्दही लावून बोलल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. कारण अयूबभाईंना त्या खांबांवर चढवलं होतं ते तिनंच.

अयूबभाई राजिवड्याचे. वडील, चुलते, थोरले भाऊ सगळे होडीवर. अयूबला मात्र होडी खाडीच्या तोंडाशी पोचली की उलट्या सुरू व्हायच्या. “जाळ्यातले मासेपण मला हसायचे, वहिनी,” असं ते सांगत. मग ते पोफळीला गेले, वीजघराच्या वसाहतीत वायरी ओढायला. तिथून चोविसाव्या वर्षी मस्कतला. तिथं बावीस वर्षं मशिदी, बंगले, हॉटेलं उजळून परत आले आणि रत्नागिरीत घरोघरी वायरिंगची कामं करू लागले. हाताखाली कायमचं कुणी नाही. जुनी स्कूटर, पुढे अडकवलेली पिशवी, पिशवीत होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. काम संपलं की घरातल्या एकाला तरी बोर्डासमोर उभं करून कुठलं बटण कशाचं, ते पाठ करून घेतल्याशिवाय ते चहाला बसत नसत.

वेदिकाचं घर कुवारबावच्या बाजूला, कातळावर. तिचा नवरा निलेश मुंबईला नोकरीला, पंधरा दिवसांनी यायचा. घर बांधलं तेव्हा अयूबभाईंनी अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला, पाईप उभा केला, कोळसा आणि मीठ भरलं, वर लोखंडी झाकण बसवलं.

“खाली जांभा आहे, वहिनी. पावसाळ्यात ठीक, पण दिवाळीनंतर वाळून ठणठणीत होतो. सुक्या दगडात करंट उतरत नाही. दर रविवारी यात एक बादली पाणी घालायचं. विसरायचं नाही.”

त्यांनी आणखी एक सेफ्टीचा स्विच सुचवला होता. निलेशनं तो “पुढच्या खेपेला बघू” म्हणून राहू दिला.

वेदिकाची मुलगी ईशा सातवीत असताना शाळेनं विजेशी संबंधित एका शब्दाचा उगम शोधून लिहायला सांगितला. तिनं इलेक्ट्रिसिटी घेतला. ग्रीक भाषेत इलेक्ट्रॉन म्हणजे अंबर, एवढं तिला सापडलं, पण अंबर म्हणजे काय ते कळेना. अयूबभाई तेव्हा पंख्याचा रेग्युलेटर बदलायला आले होते. त्यांनी खिशातून मधाच्या रंगाची तस्बी काढली. मस्कतला रमजानात एका म्हाताऱ्याचा एसी रात्रीत चालू करून दिला, तेव्हा त्यानं दिलेली ती जपमाळ.

“हे बघ अंबर. दगड दिसतो, पण आहे झाडाचा डिंक, लाखो वर्षं जमिनीत पडून घट्ट झालेला. फारसीत याला काहरुबा म्हणतात. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे पळवणारा. काडीचोर! अरबांनी त्याचं कहरबा केलं, आणि पुढं लाईटलाच कहरबा म्हणायला लागले. तिथं वायरमनला कहरबाई म्हणतात.”

“म्हणजे तिकडे तुम्ही भाईचे बाई झालात,” निलेश म्हणाला.

“बावीस वर्षं!” अयूबभाई हसले. त्यांनी मणी शर्टावर खसाखसा घासला आणि वाळक्या गवताच्या तुकड्यांजवळ धरला. एक काडी हलली नाही. पुन्हा घासला. ऑगस्ट महिना, भिंतींना ओल आलेली. अयूबभाईंचे कान लाल झाले.

“मस्कतला टणाटण उडायच्या. इथल्या हवेत पाणी फार. मण्यावर करंट जमतो न जमतो तोच निसटून जातो. थंडीत येतो.”

ते विसरतील असं सगळ्यांना वाटलं. पण जानेवारीतल्या एका कोरड्या दुपारी स्कूटर दारात आली. काम काही नव्हतं. त्यांनी मणी घासला आणि गवताची बारीक काडी टपकन उडून त्याला चिकटली. ईशा नाचायची बाकी राहिली.

“मग आपण वीज का म्हणतो?” तिनं विचारलं.

याचं उत्तर संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या वेदिकाकडे होतं. “संस्कृतात विद्युत्, म्हणजे लखलखणारी. प्राकृतात तिची विज्जू झाली, आपल्याकडे वीज.”

“म्हणजे आपल्या लोकांनी आभाळाकडे बघून नाव ठेवलं, आणि त्या लोकांनी खिशात हात घालून,” अयूबभाई म्हणाले. “पण कुठूनही येऊ दे, शेवटी तिला जायचं असतं जमिनीत. वाट दिली तर गुमान जाते. नाही दिली तर माणसातून जाते.”

त्याच दिवशी त्यांनी ईशाला आणखी एक गोष्ट शिकवली. कशात करंट आल्याची शंका आली तर हातच लावायचा नाही. पण लावलाच, तर तळहात नाही, हाताची मागची बाजू. करंटनं मूठ वळते. तळहात असेल तर वस्तू धरली जाते आणि सुटत नाही. ईशानं मग ऑइल पेंट घेऊन झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं, ‘कहरबाचं घर. दर रविवारी एक बादली.’ तेव्हापासून रविवारी तिची बादली चुकत नसे.

गेल्या डिसेंबरात गाडी घेतली म्हणून अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायला माणसं आली. “ताई, हे झाकण मधे येतंय,” त्यांच्यातला एक म्हणाला.

“सरळ झाकून टाका. वर काही दिसायला नको,” वेदिका म्हणाली.

“आई, मग कहरबाला पाणी कुठून घालू?”

“पुरे झाला तो खेळ. आठवीत गेलीस ना आता?”

एप्रिलमध्ये ईशाला वॉशिंग मशीनचा शॉक बसला. ती भिंतीवर आदळली, कपाळाला सहा टाके पडले, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. अयूबभाई कळताक्षणी धावत आले, टेस्टर अजून वरच्या खिशात. ईशाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “वहिनी, खड्ड्यात पाणी घालत होता ना?”

वेदिकाचा तोल गेला. “पोर इथं पडलीय आणि तुम्ही मलाच विचारताय? मस्कतला बावीस वर्षं हेच दिवे लावलेत?”

बाकावरची माणसं वळून बघू लागली. अयूबभाई जिना उतरून गेले. आणि ईशाच्या उशाशी बसूनच वेदिकानं कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘अयूब वायरमनच्या कामामुळे आमच्या मुलीचा जीव जाता जाता वाचला. कृपया त्यांना कोणीही काम देऊ नये.’ भराभर अंगठे आले, जोडलेले हात आले. एकानं त्यांच्या धर्मावरून एक ओळ टाकली. ती वेदिकानं वाचली आणि गप्प बसली.

घरी आल्यावर ईशानं सहज सांगितलं होतं, “मशीनला हात लागला की मुंग्या येत होत्या, म्हणून मी चाचांनी सांगितलं तसं उलट्या हातानं बघितलं. म्हणून फेकली गेले. नाहीतर चिकटले असते.” वेदिकानं ते ऐकलं आणि दुधाखालचा गॅस बारीक केला.

पंधरा दिवसांपूर्वी बाबू नावाचा दुसरा वायरमन मशीनची लाईन तपासायला आला. त्यानं पहिलाच प्रश्न केला, “अर्थिंग कुठाय?” ईशानं जागा दाखवली. ब्लॉक उचलले. झाकण निघालं, त्याच्या आत निळ्या रंगातली ईशाची अक्षरं. खड्डा खडखडीत कोरडा आणि घराकडे येणारी अर्थिंगची पट्टी साफ कापलेली.

“काम कुणाचं? अयूबभाईंचं? मग चोखच असणार. मी त्यांच्याकडेच शिकलो,” बाबू म्हणाला. “फरशीवाल्यांनी कटर मारलाय. झाका म्हणून त्यांना कुणी सांगितलं काय ओ?”

“मला काय माहीत,” वेदिका म्हणाली.

दारात उभी असलेली ईशा आत गेली. पट्टी जोडून झाल्यावर तिनं बादली आणून खड्ड्यात ओतली आणि त्या दिवसापासून आईशी कामापुरतंच बोलू लागली. पोरीला शॉक बसला तेव्हा वेदिका देवाला घाबरली होती. आता ती पोरीच्या नजरेला घाबरत होती.

मरियमभाभी भेटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ग्रुप उघडला. बऱ्याच खाडाखोडीनंतर एक वाक्य जमलं, ‘अयूबभाईंच्या कामाबद्दल थोडा गैरसमज झाला होता.’

ईशा मागे येऊन उभी राहिली. “गैरसमज झाला होता म्हणजे? कुणाचा?”

वेदिकानं वाक्य पुसलं. ग्रुपवर लिहावं लागणारच होतं, स्वतःचं नाव घालून, झाकण आपणच बुजवायला लावलं हे घालून, आणि त्या धर्माच्या ओळीवर आपण गप्प बसलो हेही. पण ज्याचं नाव घालवलं त्याच्याशी आधी न बोलता दोनशे लोकांपुढे शहाणं व्हायचं, म्हणजे पुन्हा त्यांना आडूनच भेटणं. तिनं फोनमध्ये नंबर काढला. तो ईशानं कधीतरी ‘कहरबाचाचा’ नावानं ठेवला होता. तिचा अंगठा त्यावर गेला.

“आत्ता नको लावूस,” ईशा पटकन म्हणाली. “वर खांबावर असले तर फोन काढायला एक हात सोडतील.”

घड्याळात सव्वाबारा झाले होते.

“जेवायला कधी उतरत असतील गं?” वेदिकानं विचारलं.

“एकला. आपल्याकडे असले की एकलाच डबा उघडायचे.”

मग दीड वाजता, वेदिकानं ठरवलं. दोन घास पोटात जाऊ देत त्यांच्या, मग. ती फोन समोर ठेवून ओट्याशी बसून राहिली, आणि थोड्या वेळानं ईशा स्टूल ओढून तिच्याशेजारी बसली.