मामांची वीस मिनिटं

माझे मामा घोड्यांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर आहेत आणि मी तिथेच डॉक्टर. त्यामुळे घरी ते मला "ए बावळट" म्हणतात आणि दवाखान्यात "डॉक्टर, तुम्ही". हा बदल फाटकात होतो. एकदा आमचं अर्धं भांडण फाटकाच्या अलीकडे झालं आणि उरलेलं पलीकडे, तेव्हा मला "डॉक्टर, तुम्ही अगदीच बावळट आहात" असं ऐकून घ्यावं लागलं.

मामांना घाई ठाऊक नाही. कांदे घ्यायला गेले तर प्रत्येक कांद्याशी आधी ओळख करून घेतात. मामी म्हणते, "लग्नाला हो म्हणायला यांनी सहा महिने लावले. तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न उरकलं." मामा हे ऐकून घेतात आणि सावकाश हसतात. तेही मामी स्वयंपाकघरात निघून गेल्यावर.

पण याच सवयीचं दवाखान्यात चीज झालं. नुकत्याच जन्मलेल्या शिंगराच्या पोटात आईचा चीक गेला नाही, तर त्याच्या रक्तात आजाराशी लढायला काहीच नसतं. मग दुसऱ्या धडधाकट घोड्याच्या रक्तातला प्लाझ्मा त्याला सलाईनसारखा शिरेतून द्यावा लागतो. तो कधी कधी अंगाला मानवत नाही. शिंगरू थरथरतं, केस उभे राहतात, अंगावर गांधी उठतात, धाप लागते. वेळेवर लक्षात आलं नाही तर खेळ खलास. हे बहुधा सुरुवातीलाच होतं, म्हणून पहिली वीस मिनिटं प्लाझ्मा थेंब थेंब सोडायचा आणि शिंगरावरून नजर हलवायची नाही.

ही वीस मिनिटं मामांची. बादली पालथी घालून ते बसतात, एक हात शिंगराच्या बरगड्यांवर, दुसऱ्या हातात घड्याळ. तेवढ्या वेळात कुणी बोलायचं नाही, शक्यतो शिंकायचंही नाही. एकदा मोठे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन आत आले, तर मामांनी त्यांना नुसत्या मानेनं बाहेर काढलं. शिंगराच्या अंगावर पांघरूण घालायचं नाही, हाही त्यांचाच नियम. "झाकलेलं दिसत नाही," हे ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवतात आणि जुन्याला रोज. सत्तावीस वर्षांत आपल्या नजरेतून एकही रिअ‍ॅक्शन सुटलेली नाही, हेही सांगतात, कुणी विचारलं नाही तरी.

गेल्या थंडीत एका दुपारी एक म्हातारी तपकिरी घोडी आणि तिचं एक दिवसाचं शिंगरू आलं. व्यायच्या आधी दोन दिवस घोडीचं दूध गळत होतं, सगळा चीक त्यातच गेला. आधीची दोन शिंगरं आठवडाभरही जगली नव्हती आणि आता तिचं वय झालं होतं. "ही शेवटचीच खेप, डॉक्टर," तिची देखभाल करणारा मोतद्दार म्हणाला. ही घोडी स्वतः शिंगरू असताना मामांच्या हातून बाटलीनं दूध पिऊन वाढली, हेही मला त्याच्याचकडून कळलं. मामा असलं काही सांगत नाहीत. कांद्यांवर मात्र तासभर बोलतात.

रक्ताचा रिपोर्ट वाईटच होता. गोठवलेल्या प्लाझ्म्याची पिशवी कोमट पाण्यात वितळवली, सुई लावली, नळी सुरू केली. मामा बादलीवर बसले आणि मी शेजारी एका घोड्याचा खूर बघायला गेले.

दहा मिनिटांनी परतले तर शिंगराच्या अंगावर मामांचा स्वेटर. मामीनं विणलेला, एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब असलेला. एवढी आयती संधी मी कशी सोडणार?

"मामा, नियम काय फक्त आमच्यासाठी?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग पुटपुटले, "गारठलंय गं ते. कापतंय बघ."

फाटकाच्या आत मला "गं" म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मला आणखी चेव आला. "बघू तरी, कसा शोभतोय," म्हणत मी वाकले आणि स्वेटर वर केला.

मानेपासून पाठीपर्यंत गांधी उठल्या होत्या आणि केस उभे होते. ते थंडीनं कापत नव्हतं. मी नळी बंद केली, इंजेक्शन दिलं आणि श्वास मोजायला लागले. मामांचा हात अजून हवेतच होता, स्वेटर होता तिथे. इतका वेळ ते लोकरीवरून श्वास मोजत होते.

श्वास जागेवर यायला पाऊण तास लागला. गांधी बसल्या. पण तिथे थांबून भागणार नव्हतं, प्लाझ्म्याशिवाय त्या जिवानं चार दिवसही काढले नसते. दुसऱ्या घोड्याच्या प्लाझ्म्याची पिशवी होती. ती वितळवून आणली आणि म्हटलं, "मामा, बसा."

"मी नाही. दुसऱ्या कुणाला बसव," ते म्हणाले. "डोळे उघडे ठेवून बसलो होतो आणि मला दिसलं नाही."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्यांची चेष्टा करायला काही म्हणजे काही सुचेना. "तुमच्याशिवाय मला हे जमणार नाही," मी सरळ सांगून टाकलं.

मामांनी आणखी एक बादली ओढून आणली. मग म्हणाले, "तू समोर बस. मला दिसलं नाही तर तुला दिसेल."

दोन बादल्या पालथ्या घातल्या. स्वेटर बाहेर खुंटीवर गेला आणि मामा नुसत्या शर्टावर कुडकुडत मोठ्यानं श्वास मोजत राहिले. माझी पापणी लवली की माझ्यावर डोळे वटारत होते. वीस मिनिटं गेली, काही झालं नाही. तरी त्यांनी मला उठू दिलं नाही. पिशवी संपायला अडीच तास लागले. त्यानंतर थोड्या वेळानं शिंगरू उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं. मोतद्दार भिंतीकडे तोंड करून रडला.

रिअ‍ॅक्शन आली की आमच्याकडे एक कागद भरावा लागतो. "उशिरा लक्षात येण्याचं कारण" या रकान्यात मी "थंडीमुळे कंप असल्याचा समज" असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं. मामांनी कागद ओढला, माझं वाक्य खोडलं आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं, "शिंगरू आवडलं, म्हणून अंगावर स्वेटर घातला. चूक माझी."

"असं लिहितात का मामा कागदावर?"

"उद्या दुसऱ्या कुणाला तरी एखादं शिंगरू आवडेल," मामा म्हणाले. "त्याला हे कळायला नको?"

मी कागद घेतला आणि त्यांच्या सहीखाली माझी सही केली.