ताराचा हातगुण

नागपूरला लागून असलेल्या वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांची कमी नाही, पण कॉम्प्युटर ठेवणारा ट्रान्सपोर्टवाला त्या काळी एकच, चंपतराव. सत्त्याऐंशी साल असेल. अमरावती रोडवरच्या त्यांच्या गोदामाला लागून एक खोली होती, वर टिनाचं छत, आणि त्या खोलीत टेबलावर ही मशीन. दसऱ्याला ट्रकांसोबत तिलाही हार पडायचा, हळदकुंकू लागायचं, पुढ्यात नारळ फुटायचा. खोलीत चपला घालून कोणी जायचं नाही असा चंपतरावांचा नियम. गिऱ्हाईक आलं की ते त्याला आधी मशीन दाखवायचे आणि मग मालाचं बोलायचे.

या मशीनवर बिल्ट्या चढवायला तारा खोब्रागडे लागली. कोणाचा माल, कुठून कुठे चालला, कोणत्या ट्रकात, हे ज्या कागदावर असतं ती बिल्टी. तारा नागपुरातल्या इंदोरा वस्तीतली. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा तो घरी बसला आणि हळूहळू बोलायचाही थांबला. माय तुळसाबाईनं मात्र पोरीला शिकवायचा ध्यास सोडला नाही. तारानं टायपिंग केलं, मग सीताबर्डीवर कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि वस्तीतली कॉम्प्युटरवर बसणारी पहिली पोरगी म्हणून तुळसाबाईनं घरोघरी पेढे वाटले. नोकरी अजून कच्ची होती. उन्हाळा संपला की पक्की करू, असं चंपतराव म्हणाले होते. घरात दुसरी मिळकत नव्हती, म्हणून सगळ्यांचे डोळे त्या एका शब्दाकडे लागलेले.

मशीनवर दोघं बसायचे. सकाळी मनोहरराव, जुने हेडक्लार्क, आणि जेवणानंतर तारा. सकाळची पाळी मनोहररावांनी स्वतःच मागून घेतली होती. एप्रिलात दुपारी त्या टिनाखाली बसणं म्हणजे भट्टीत बसणं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. खोलीत कूलर होता, खसच्या ताट्या लावलेला, चांगला मोठा. पण वाडीत पाण्याची बोंब. टँकर आला तर आला. म्हणून कूलर फक्त पाहुण्यासाठी. पाहुणा आला की धोंडबा शिपाई ड्रममधलं पाणी बादलीबादलीनं कूलरमध्ये ओतायचा, बटन दाबायचा, आणि पाहुणा गेला की बंद करायचा. नागपुरात मे महिन्यात पाहुण्याला कूलर न लावता बसवण्यापेक्षा दारातून परत पाठवलेलं बरं. ही इथली रीत आहे, यात चंपतरावांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

ऊन तापायला लागलं आणि मशीन मरायला लागली. तारा बसलेली असायची, अर्ध्या बिल्ट्या झालेल्या असायच्या, आणि एकदम पडदा काळा. वर पांढऱ्या अक्षरात दोन शब्द, पॅरिटी चेक, आणि खेळ खलास. बटन दाबा, काही नाही. बंद करून पुन्हा चालू करावी तर केलेलं सगळं गेलेलं. तारा पुन्हा पहिल्या बिल्टीपासून सुरू करायची. पुन्हा तेच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरराव अगरबत्ती लावून बसले की मशीन गाईसारखी गरीब.

"माह्या हातानं तर काहीच होत नाही बाप्पा," मनोहरराव म्हणायचे. "हातगुण असते एकेकाचा."

एवढंच. वाईट बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. पण ते हसून, पानाला चुना लावता लावता म्हणायचे. जातीचं नाव कोणी काढलं नाही. हात म्हटलं की सगळ्यांना समजत होतं, तारालाही समजत होतं. आजोबाच्या हाताबद्दल गावच्या विहिरीवर जे बोललं जायचं ते तिनं मायकडून ऐकलं होतं. ते गावात राहिलं, आपण शहरात आलो, शिकलो, असं ती धरून चालली होती. आणि इथं वाडीत, विजेवर चालणाऱ्या मशीनसमोर, तेच येऊन उभं राहिलं. तिला लाजही वाटायची आणि संतापही यायचा, आणि दोन्ही गिळून ती बिल्ट्या चढवायची.

कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनीअर घाटे धरमपेठेतून स्कूटरवर यायचा. तक्रार दुपारची, म्हणून दुपारीच यायचा. तो आला की धोंडबाची धावपळ. कूलर सुरू, खसचा वास, थंड सरबत. घाटे तासभर मशीन चालवायचा. मशीन त्याच्यासमोर एकदाही मेली नाही.

"मशीन ओके आहे," तो चंपतरावांना सांगायचा आणि ताराकडे वळायचा. "तुम्ही कळा जोरात दाबता का? मधेच काही भलतं दाबलं जातं का?"

"नाही जी."

"मग सवयीचा प्रश्न असेल," घाटे म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. जे दिसलं ते सांगत होता.

पोरीची कोंडी कशी झाली पाहा. मशीन बिघडलेली असती तर ती सुटली असती, पण मशीन दर वेळी ठणठणीत निघायची. मशीन धडधाकट म्हणजे दोष ताराचा, हा हिशोब तिसरी शिकलेल्या हमालालाही जमत होता. ऑफिसात सगळे मशीन चांगली निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेले, आणि ती बिघडलेली निघावी म्हणून एकटी तारा जीव मुठीत धरून बसलेली. घरी बोलायची सोय नव्हती. माय विचारायची, "कशी चालून राहिली वं नोकरी?" आणि ती म्हणायची, "मस्त." एकदा तर तिला स्वतःच्याच हाताची शंका आली. जेवण झाल्यावर तिनं साबणानं दोनदा हात धुतले, आणि मग आपण हे काय करून राहिलो हे ध्यानात येऊन मोरीजवळ रडली.

मेच्या सुरुवातीला अकोल्याचा एक कापसाचा व्यापारी आला. ट्रक उशिरा लागणार होता, म्हणून दुपारभर तो मशीनच्या खोलीतच आरामखुर्चीत घोरत पडला. कूलर दुपारभर सुरू. ताराच्या बिल्ट्या संपल्या, आदल्या दिवशीच्या राहिलेल्या संपल्या, आणि मशीन मेली नाही. व्यापारी गेला, धोंडबानं कूलर बंद केला, टिन तापलं, आणि थोड्या वेळानं पडदा काळा. तारा त्या दोन शब्दांकडे पाहत राहिली. आपला हात तर तोच आहे, तिच्या मनात आलं. मघाही तोच होता.

ती सरळ चंपतरावांकडे गेली.

"साहेब, मशीनले गरमी सोसत नाही. सकाळी थंड असते म्हणून मनोहरकाकाले त्रास होत नाही. घाटेसाहेब येते तर आपण कूलर लावतो, म्हणून त्याईलेही दिसत नाही. या खेपेले कूलर नका लावू जी."

चंपतरावांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. "पाहुण्याले मे महिन्यात बिनकूलरचा बसवू? डोकं ठिकाणावर आहे का वं तुह्यं?"

"नाचता येईना अंगण वाकडं," मनोहरराव पलीकडून म्हणाले.

"हे पाह्य तारा," चंपतराव खाली बसत म्हणाले, "घाटे गुरुवारी येऊन राहिला. तो म्हणेल मशीन बिघडली, तर बिघडली. तो म्हणेल चांगली, तर तू शुक्रवारपासून येऊ नको. मी तरी किती दिवस चालवू?"

गुरुवारी सकाळपासून टँकर आला नव्हता. ऑफिसचा माठ कोरडा पडला होता. पाण्याचा एकच ड्रम होता, तोही घाटेच्या कूलरसाठी राखलेला, वर झाकण ठेवून. गोदामाबाहेर माल भरायला लागलेले ट्रक रांगेनं उभे, आणि त्यांच्या सावलीत ड्रायव्हर-क्लीनर जीभ काढून बसलेले. एक म्हातारा सरदारजी ड्रायव्हर दारात आला. "बेटी, थोडा पानी मिलेगा?"

तारानं ड्रमकडे पाहिलं. तहानलेल्याला पाणी देणं हे पुण्य आहे हे खरं, पण त्या घडीला तिच्या मनात निव्वळ पुण्य होतं असं म्हणणं खोटं होईल. तिनं झाकण काढलं आणि त्याला तांब्याभर पाणी दिलं. मागून दुसरा आला. मग तिनं बादलीच भरली आणि रांगेनं निघाली. ड्रायव्हर ओंजळ करत होते, ती वरून धार धरत होती, आणि ते डोळे मिटून पीत होते. पंजाबचे, बिहारचे, जबलपूरचे. कोणी तिला कुठली म्हणून विचारलं नाही. धोंडबानं हे सगळं दारातून पाहिलं. त्याचं काम होतं तिला थांबवायचं. तो गोदामाच्या मागे बिडी ओढायला गेला आणि लवकर परतलाच नाही.

घाटे आला तेव्हा ड्रम उपडा पडला होता. चंपतरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. धोंडबाला शिव्या, टँकरवाल्याला शिव्या, हातात वर्तमानपत्र घेऊन स्वतः घाटेला वारा घालायला लागले. घाटेचा शर्ट पाठीला चिकटला. ताराची सवय मधे नको म्हणून त्यानं मनोहररावांना मशीनवर बसवलं, नेहमीसारखं काम करा म्हणाला. मनोहररावांनी हात जोडले आणि सुरुवात केली. टिन कडकड वाजत होतं. थोड्या वेळानं त्यांच्या हाताखाली पडदा काळा झाला.

"मी काही नाही केलं," मनोहरराव हात वर करून म्हणाले. "आईच्यान."

घाटे आता घाम विसरला. त्यानं मशीनचं झाकण उघडलं. आत मेमरीच्या काळ्या चिपा रांगेनं बसवलेल्या होत्या. "यातली एखादी तापली की विसरते," तो म्हणाला. "लिहिलेलं एक, वाचते दुसरं. मशीनला ते कळतं आणि ती थांबते." त्यानं पिशवीतून नवी चिप काढली, एक जुनी उपसून तिच्या जागी बसवली, मशीन चालवली. मेली. ती जुनी जागच्या जागी लावून शेजारची बदलली. मेली. दुपारभर तो एकेक करत गेला, आणि सगळे त्या उकाड्यात दाटीवाटीनं उभे राहून पाहत राहिले. शेवटी एक चिप बदलली आणि मशीन चालत राहिली, चालतच राहिली. खात्रीसाठी त्यानं तीच काढलेली चिप परत लावली. पडदा काळा. नवी लावली. चालली.

"हीच," घाटे म्हणाला, आणि ती चिप चिमटीत धरून त्यानं ताराला दाखवली. "बाई, मी तुम्हाला उगीच बोललो. तुमचं काही चुकत नव्हतं."

तारानं ती चिप तळहातावर घेऊन पाहिली. इतक्या दिवसांत या खोलीत तिला कोणी असं बोललं नव्हतं.

चंपतराव खुशीत आले. चहा सांगितला, नारळ आणायला माणूस पिटाळला. मनोहररावांच्या पाठीवर थाप मारली. मग ताराकडे वळून, अगदी मायेनं म्हणाले, "चाल वं पोरी, तुही नोकरी पक्की. घाटेसाहेबानं अशी चिप बसवली की आता तुह्या हातानंही चालते मशीन."

खोलीतले सगळे हसले, आनंदानंच हसले. तारा हसली नाही.

"साहेब, चिप मशीनची खराब होती," ती म्हणाली. "माह्या हाताले पहिल्यापासून काही झालं नव्हतं."

चंपतरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खोटेपणाही नव्हता. त्यांना खरंच काही समजलं नव्हतं.

"तेच तर म्हणून राहिलो ना मी," ते म्हणाले. "आता झालं ना ठीक? बस मग."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण घरी चूल पेटायची होती ती याच खोलीतून, आणि बाप दारात बसून तिच्या बसची वाट पाहत होता. ती खुर्चीवर बसली, राहिलेल्या बिल्ट्यांचा गठ्ठा पुढे ओढला. तिच्या मागे मनोहरराव मशीनला कुंकू लावायला आले आणि म्हणाले, "जरा हात बाजूले घे वं."